पनवेल खाडी: आक्रसते पाणी, वाढत्या गाठीभेटी

वन्यप्राणी माणसाच्या वस्तीत वारंवार दिसू लागले म्हणजे त्यांची संख्या वाढली, असा समज सर्वत्र रूढ आहे. पनवेल परिसराचा अनुभव नेमका याच्या उलट आहे. पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर आणि उलवे या पट्ट्यात सोसायटीच्या आवारात साप निघणे, रात्री रस्त्यावर कोल्हा आडवा जाणे किंवा एखाद्याच तलावावर पाणपक्ष्यांचे थवेच्या थवे एकवटणे यांत आता कोणाला नवल वाटत नाही. याच पट्ट्यात जलपक्ष्यांची गणना, खारफुटीची पाहणी आणि सापांची सुटका ही कामे करणाऱ्यांना, त्यांत प्रस्तुत लेखकही आला, कालांतराने जे उमगले ते असे की, या गाठीभेटी वाढल्या त्या प्राण्यांना जायला जागा उरली नाही म्हणून. आणि ही जागा म्हणजे डोंगर किंवा जंगल नव्हे, तर भरती-ओहोटीचे पाणी ज्या वाटांनी आत-बाहेर करत असे त्या खाड्या, ओहोळ आणि खाजणे होत.

खाजण म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी खारी दलदल. पनवेलभोवती अशी खाजणे विपुल होती, कारण येथे डोंगराचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी फार थोड्या अंतरात एकमेकांना भेटते. माथेरानच्या उतारावरून उतरणारी गाढी नदी, तिला मिळणारी काळुंद्रे, तळोज्याच्या बाजूने येणारी कासाडी आणि दक्षिणेकडची उलवे हे सारे प्रवाह पनवेल खाडीच्या जाळ्यात येतात आणि ही खाडी बेलापूर व उलवे यांच्या मधून पुढे जाऊन ठाणे खाडीच्या मुखाशी मुंबई बंदराच्या पाण्यात मिसळते. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी बोटीने पनवेल बंदरात उतरत असे आणि तेथून घाटाची वाट धरत असे. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला तेव्हा या बंदराचे ते महत्त्व गेले. पाणी मात्र गेले नाही, आणि त्या पाण्यावर मिठागरे, भातशेती व मासेमारी ही आगरी, कोळी आणि कराडी समाजाची कामे पुढेही चालू राहिली. १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झालेल्या या जुन्या गावाला खाडीकडे पाठ फिरवून जगण्याची सवय लागली ती त्यानंतर पुष्कळ उशिरा.

खाऱ्या पाण्याशी माणसाने येथे केलेली तडजोड समजून घेतल्याशिवाय पुढची पडझड कळत नाही. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घालून जमीन राखण्याच्या पद्धतीस खारबंदिस्ती म्हणतात, आणि त्या बांधात पाण्याची ये-जा सांभाळणारी जी झडप असते तिला उघाडी म्हणतात. पावसाळ्यात आतले पाणी चढले आणि बाहेर ओहोटी लागली की झडप बाहेरच्या बाजूला उघडून गोडे पाणी खाडीत जाते, भरती आली की भरतीच्याच पाण्याच्या दाबाने ती मिटते. १९४८ च्या खारजमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने या बांधांची जबाबदारी शासनाकडे आली, तरी त्यांची खरी देखभाल गावकऱ्यांच्या सामुदायिक श्रमावरच उभी होती. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रातून निघालेल्या ‘पनवेल १’, ‘पनवेल २’ आणि ‘पनवेल ३’ या खार सोसणाऱ्या भाताच्या जाती याच तडजोडीतून जन्मल्या. या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, तिने खाडी अडवली, पण तोडली नाही. बांधाच्या आत भात, बाहेर तिवर, म्हणजे खारफुटीची झाडे, आणि मध्ये उघाडी, यामुळे पाणी रोज आपली वाट चालून येत-जात राहिले, आणि त्या पाण्याबरोबर माशांची पिल्लेही.

रायगड जिल्ह्यात मानाचा मानला जाणारा जिताडा हा मासा या ये-जा करणाऱ्या पाण्याचा जिवंत पुरावा आहे. जिताडा अंडी घालतो ती खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. त्याची पिल्ले मात्र भरतीबरोबर आत सरकत गोड्या पाण्याकडे येतात आणि ओहोळ, खाजणे, तळी अशा उथळ, निवाऱ्याच्या जागी वाढतात. हा मासा प्रथम नर असतो आणि वाढता वाढता पुढे मादी होतो, म्हणजे मोठ्या, जुन्या माशांवरच पुढच्या पिढीची भिस्त असते. पावसाळ्यात अशी पिल्ले पकडून खाजणातल्या तळ्यात सोडायची आणि पुढे मोठी झाल्यावर काढायची, ही येथील शेतकऱ्यांची जुनी रीत आहे. चिंबोरीची, म्हणजे खाडीतल्या मोठ्या खेकड्याची, गत याच्या जवळपासचीच: मादी अंडी सोडण्यासाठी खाडीतून समुद्राकडे जाते आणि तिची पिल्ले प्रवाहाबरोबर परततात. तेव्हा खाडीचा एखादा तुकडा कितीही जपला, तरी समुद्रापासून गोड्या पाण्यापर्यंतची वाट मध्येच तुटली तर या प्राण्यांच्या दृष्टीने ती खाडी संपलीच. खारफुटीची झाडे मोजून खाडीचे आरोग्य ठरवणाऱ्या अहवालांत ही गोष्ट बहुधा निसटते, कारण वाट तुटल्यानंतरही झाडे काही वर्षे हिरवीच दिसतात.

गाळावरचे जीवन जवळून पाहायचे असेल तर निवटीपाशी थांबावे. निवटी हा हाताच्या बोटाएवढा ते वीतभर लांबीचा मासा ओहोटीला पाण्याबरोबर मागे न जाता उघड्या गाळावरच राहतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून आणि ओल्या त्वचेतून हवा घेऊन त्याचा श्वास चालतो, म्हणून ऊन चढू लागले की तो मधूनच एका कुशीवर लोळून अंग ओले करतो. डोक्याच्या माथ्यावर बसवल्यासारखे डोळे गाळाबाहेर ठेवून तो पुढच्या परांवर रेटत सरकतो, आणि चरताना डोके डावीकडे-उजवीकडे हलवत गाळावर साचलेला सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर खरवडून खातो. तो गेलेल्या वाटेवर अर्धवर्तुळाकार खुणांची एक नक्षी उमटलेली राहते. पाहणी करणाऱ्याची सावली पडली की क्षणात तो बिळात जातो. खाडीकाठच्या बाया गुडघाभर गाळात उतरून, बिळाचे एक तोंड टाचेने दाबून दुसऱ्या तोंडातून हात घालत निवट्या काढतात. चिंबोरीसाठी फग, म्हणजे तळाशी जाळे ताणलेले आणि मध्ये आमिष बांधलेले कडे, लावतात. या बायांना गाळाची पारख असते: चांगला गाळ हाताला लोण्यासारखा लागतो आणि त्याला खारट, जिवंत वास असतो, तर बिघडलेला गाळ वरून करडा व आत काळाकुट्ट असतो आणि बोटांच्या पेरांना खाज सुटते. पाहणीच्या कामात पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जाऊन त्यांचे आकडे येईपर्यंत आठवडे जात. निवट्या काढणाऱ्या बाईने अमुक ओहोळात आता उतरत नसल्याचे सांगितले, की तेथील पाण्याबद्दल जे कळायचे ते बव्हंशी कळलेले असे, आणि नंतर येणारे आकडे सहसा तिचेच म्हणणे दुजोऱ्याला आणत.

गाळ बिघडण्याची कारणे गुप्त नाहीत. तळोजे औद्योगिक वसाहतीतून कासाडी नदीत जाणाऱ्या सांडपाण्याविषयी मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये या भागातील भटक्या कुत्र्यांचे अंग निळे झालेले दिसले तेव्हा ही गोष्ट देशभर पोहोचली. रंगाचे पाणी कुत्र्याच्या पांढऱ्या केसांवर दिसले म्हणून बातमी झाली. तेच पाणी त्याआधी गाळातील निवटीच्या त्वचेतून आणि कल्ल्यांतून जात होते, त्याची बातमी होण्याजोगी खूण कोणाला दिसणारी नव्हती. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे हे प्रकरण गेले. याच न्यायाधिकरणाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी दिलेल्या निकालात उरण कोळीवाडा, हनुमान कोळीवाडा, बेलपाडा आणि पनवेल तालुक्यातील गव्हाण या वस्त्यांमधील १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला होता. उरणजवळच्या बंदराच्या भरावामुळे भरतीच्या पाण्याची वाट अडली आणि मासेमारीचा पारंपरिक हक्क बाधित झाला, हे त्यातील मुख्य म्हणणे होते. रामदास कोळी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या या दाव्याचे मोल केवळ रकमेत नाही: पाण्याच्या वाटेवर माणसाचा हक्क असू शकतो, ही गोष्ट त्यामुळे कागदावर आली.

भरावाचा इतिहास मात्र याहून मागे जातो. १९७० मध्ये सिडको या शासकीय नगरविकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. या जमिनीचा मोठा भाग उधाणाच्या पातळीच्या खाली होता. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती, आणि अष्टमीच्या आसपासची लहान भरती म्हणजे भांग. म्हणून ठिकठिकाणी धारण तलाव बांधण्यात आले: भरतीच्या वेळी पावसाचे पाणी त्यांत साठवायचे आणि ओहोटी लागली की झडपांमधून खाडीत सोडायचे. तत्त्व उघाडीचेच होते, फरक एवढाच की उघाडीजवळ राहणारा माणूस तिच्यावर जगत होता आणि गाळ काढणे त्याच्या पोटाशी निगडित होते. धारण तलावांत गाळ भरत गेला, त्यावर तिवर उगवले, आणि ६ ऑक्टोबर २००५ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने खारफुटीला संरक्षण मिळाल्यानंतर तलाव उपसायचा की झाडे राखायची, असा पेच उभा राहिला. हा पेच झाडांमुळे निर्माण झाला असे म्हणणे अन्यायाचे आहे. तिवर तेथेच उगवले, जेथे त्यांना खाडीने जागा करून दिली, आणि खाडीने तेथे जागा केली, कारण तिच्या मूळ जागा भरल्या गेल्या होत्या.

विमानतळाचे उदाहरण सर्वांत मोठे आहे. किनारा नियमन क्षेत्राची मूळ अधिसूचना १९९१ ची. २००९ मध्ये तिच्यात नवी मुंबईच्या विमानतळासाठी दुरुस्ती करण्यात आली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. मूळ आराखड्यात गाढी आणि उलवे या दोन्ही नद्यांची पात्रे हलवायची होती. गाढी वाचली, उलवे नदी वळवण्यात आली. सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी कापून तिच्या दगडाने सुमारे ११६० हेक्टरांचे क्षेत्र उंच करण्यात आले, आणि वाघिवली, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, गणेशपुरी, कोंबडभुजे अशा दहा गाव-पाड्यांना स्थलांतर करावे लागले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. गरज म्हणून विमानतळाचा निर्णय कोणी योग्य ठरवो वा अयोग्य. पाण्याच्या दृष्टीने घडले ते असे की, ज्या सखल भागावर भरती आणि पूर दोन्ही पसरत असत तो भाग उंच झाला आणि पाण्याला पसरण्यास जागा राहिली नाही. भरावाच्या काळापासून पारगाव-डुंगीच्या घरांमध्ये पावसाळ्याचे पाणी शिरू लागले, ते याच कारणाने. माणसाच्या घरात पाणी शिरले हे निदान दिसते आणि पंचनामा होतो; बिळांत शिरलेल्या पाण्याची नोंद घेणारी व्यवस्था नाही.

सापांच्या सुटकेच्या कामात ही नोंद अप्रत्यक्षपणे हाती लागते. एखाद्या खाजणावर भराव पडू लागला की लगतच्या इमारतींमधून येणारे दूरध्वनी वाढतात. पाण्याच्या मीटरच्या खोलीत, वाहनतळात, जिन्याखाली दिवड निघते, धामण निघते, क्वचित घोणसही निघते. त्यांत कधी एक राखी, आखूड, खडबडीत खवल्यांचा साप असतो, त्याला लोक अजगराचे किंवा घोणशीचे पिल्लू समजतात. हा खाडीच्या गाळात राहणारा, मासे खाणारा, मागे विषदात असलेला सौम्य विषारी साप असून त्याचे डोळे तोंडाच्या वरच्या बाजूला असतात आणि नाकपुड्या पाण्यात मिटतात. सिमेंटच्या फरशीवर तो धड सरकूही शकत नाही, अंग आडवे फेकत राहतो. अशा सापाला कोठे सोडावे हा प्रश्न त्याला पकडण्याहून पुष्कळ अवघड असतो. नियम आणि अनुभव दोन्ही सांगतात की, सापाला तो सापडला त्याच्या जवळपासच्याच योग्य अधिवासात सोडावे, कारण दूरच्या परक्या जागी तो फार काळ तगत नाही. कर्नाळा अभयारण्य, १९६८ पासून संरक्षित असले आणि पनवेलहून जवळ असले, तरी ते डोंगरउतारावरचे वन आहे, गाळात राहणाऱ्या सापाला त्याचा काय उपयोग? आणि जवळपासचा अधिवास तर नुकताच भरला गेलेला असतो.

काही महिन्यांनी त्या इमारतींमधून येणारे दूरध्वनी कमी होतात आणि पुढे थांबतात. रहिवाशांना हायसे वाटते, सापांचा त्रास मिटला असे सांगितले जाते. सुटकेचे काम करणाऱ्याला या शांततेचा अर्थ ठाऊक असतो: त्या खाजणातून निघून जाण्याजोगे जे काही होते ते निघून गेले आहे, किंवा मेले आहे.

कोल्ह्यांचे असेच आहे. मुंबई आणि नवी मुंबईच्या खारफुटीत सोनेरी कोल्हा पूर्वापार राहतो आणि ओहोटीला तिवरांच्या कडेने चालत खेकडे, मेलेले मासे, पडलेली पक्ष्यांची पिल्ले खातो. पहाटेच्या गणनेत, गाळाच्या कडेवर, खेकड्याच्या बिळापाशी मान तिरकी करून कान लावून उभा राहिलेला कोल्हा पाहणे हा या कामातील मोठा आनंद आहे. तो पुढच्या पायांनी घाईघाईने उकरतो, खेकड्याने नाक धरले की मान झटकतो, पुन्हा उकरतो. खारघर-कामोठ्याच्या बाजूला जे कोल्हे आता रस्त्यावर दिसतात त्यांचे अन्न मात्र बदलले आहे. कोंबडीच्या दुकानांचा टाकाऊ माल आणि कचराकुंड्या यांवर ते येतात, तेथे त्यांची भटक्या कुत्र्यांशी गाठ पडते, आणि कुत्र्यांचे रोग त्यांच्यात पसरण्याचा धोका उभा राहतो. भ्रमणध्वनीवर टिपलेल्या कोल्ह्याच्या चित्रफितीखाली लोक कौतुकाने लिहितात. त्या कौतुकात खोटे काही नाही, पण त्या चित्रफितीत खेकडा नसतो.

पक्षिगणनेत हा विपर्यास आकड्यांतून दिसतो. तुतवार, चिलखे, शेकाटे यांसारखे पाणथळीतले पक्षी ओहोटीला उघड्या गाळावर दूरवर विखरून चरतात आणि भरती आली की पाण्याबाहेर राहणाऱ्या उथळ जागी, म्हणजे मिठागरात किंवा तलावाच्या काठावर, दाटीने उभे राहून ती वेळ काढतात. म्हणून गणना करणाराही भरतीची वेळ साधतो. आणि कोळी माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीचे तास सांगतो, ते गणित या कामात आजही छापील कोष्टकाइतकेच उपयोगी पडते, फक्त खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडे उशिरा चढते हे ध्यानात ठेवावे लागते. परिसरात अशा दहा विश्रांतीच्या जागा असताना जे पक्षी विभागून बसत, ते जागा दोन-तीनच उरल्यावर तेथेच एकवटणार हे उघड आहे. त्या तलावावरची संख्या फुगते, विक्रमी संख्या म्हणून तिचे कौतुक होते, आणि उरलेल्या जागांवरचे शून्य कोणी मोजत नाही, कारण तेथे आता इमारत असल्याने गणनेला कोणी जातच नाही. ठाणे खाडीच्या रोहित पक्ष्यांना २०१५ मध्ये अभयारण्य लाभले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला, तरी हे पक्षी भरतीच्या वेळी ज्या नवी मुंबई आणि उरणच्या पाणथळींवर येतात त्या बहुतांश अभयारण्याच्या सीमेबाहेरच आहेत. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ विमानाला धडकून सुमारे ४० रोहित मरण पावले. पनवेल खाडीच्या काठावर विमानतळ सुरू झालेला असताना, या पक्ष्यांनी भरतीच्या वेळी उडून कोठे जायचे, हा प्रश्न विमानप्रवाशांच्या सुरक्षिततेचाही झाला आहे. पक्ष्यांना विमानतळाजवळ उतरू द्यायचे नसेल, तर दूरच्या पाणथळी शाबूत ठेवणे हाच त्यावरचा धड उपाय आहे.

या सर्व अनुभवानंतर सापाच्या सुटकेच्या नोंदवहीत प्रस्तुत लेखक आणि त्याचे सहकारी आता प्राण्याची जात आणि पत्ता एवढेच लिहीत नाहीत. त्या दिवशीची तिथी, भरतीची वेळ, सर्वांत जवळचा ओहोळ किंवा उघाडी, तिच्यातून पाणी वाहते की नाही, आणि आसपास अलीकडे कोठे माती पडली, हेही लिहिले जाते. एका नकाशावर या नोंदी मांडल्या की जुन्या ओहोळांच्या रेषा आपोआप उमटू लागतात, अगदी ज्या ओहोळांवर आता रस्ते आहेत त्यांच्यासुद्धा. कारण प्राणी अजून त्याच वाटेने येतात. अशी माहिती स्वीकारून तिच्यावर काही करील असे एकच कार्यालय मात्र नाही. झाड वनखात्याकडे, त्यातही खारफुटी असेल तर २०१२ पासूनच्या कांदळवन कक्षाकडे. पाण्याचा दर्जा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. मासा मत्स्यव्यवसाय विभागाकडे. बांध आणि उघाडी खारजमीन विकास यंत्रणेकडे. भूखंड नियोजन प्राधिकरणाकडे आणि नाला २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेकडे. प्रत्येक प्रकल्पाचा परिणाम त्या त्या भूखंडापुरता तपासला जातो, आणि सगळ्या भरावांची बेरीज करून खाडीत किती पाणी आत येते व किती बाहेर जाते हे मांडणारा आलेख त्यांतल्या कोणत्याच एका टेबलावर तयार होत नाही. तो आलेख तयार करायचा असेल तर सुरुवात उघाड्यांपासून करावी लागेल: पनवेल आणि उरण तालुक्यांतील एकेक उघाडी शोधून, तिची झडप हलते की गंजून बसली आहे हे पाहून, पावसाळ्याच्या पहिल्या उधाणाला तिच्या आतल्या बाजूला जिताड्याची पिल्ले येतात की नाही, हे तेथल्या पाग, म्हणजे फेकजाळे, टाकणाऱ्या माणसाला विचारून लिहून घ्यावे लागेल.